मुलाला वैमानिक व्हायचे आहे : पालकांनी काय करावे?

मुलांच्या आवडीनिवडी काळाबरोबर बदलत जातात. एका पिढीतील मुलांना आगगाडीचा ड्रायव्हर व्हावेसे वाटे. पुढच्या पिढीस डॉक्टर-इंजिनियर होण्याची ओढ लागली. आणि आता पंधरा-सोळा वर्षांची मुले-मुली घरी सांगू लागली आहेत की, आम्हांला विमान चालवायला शिकायचे आहे. सुरतेत हे साहजिकच आहे. वेसू-डुमसच्या बाजूस गेले म्हणजे उतरणारी विमाने डोक्यावरून जाताना दिसतात. मगदल्ल्याच्या विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन डिसेंबर २०२३ मध्ये झाले, तेव्हा ती पाहायला आपल्यापैकी कित्येकजण मुलांना घेऊन गेले असतील. मुलाने पाहिले, त्याच्या मनात भरले, आणि एके दिवशी त्याने ते बोलून दाखवले, यात त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

मुलाने इच्छा सांगितली म्हणजे घरात बहुधा दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे, हे खूळ डोक्यातून काढ." दुसरा म्हणतो, "पोर एवढे म्हणते आहे, तर घर गहाण टाकू पण शिकवू." दोन्ही पक्षांचे मुलावर प्रेमच असते; मात्र या विद्येची नीटशी माहिती दोघांनीही मिळवलेली नसते. परिणामी पहिल्या घरातील मूल जन्मभर मनात कुढते आणि दुसऱ्या घरातील मूल कर्जाचे ओझे घेऊन विमानात बसते. या दोन्ही गोष्टी टळाव्यात, एवढ्याचसाठी या महोत्सवी स्मरणिकेत हा विषय सभासदांपुढे मांडीत आहे.

पूर्वीची काही माणसे

विमानविद्या ही केवळ श्रीमंतांची मिरास आहे, किंवा ती केवळ परदेशी लोकांची विद्या आहे, असा समज आपल्यात अजून आहे. पण आपल्या शेजारच्या नवसारीचे मूळ असलेल्या टाटा घराण्यातील जे. आर. डी. टाटा यांनी मुंबईत शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळवला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिला परवाना. त्यानंतर आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास जो हिंदी तरुण एकट्याने विमान चालवून प्रथम पुरा करील, त्याला ते मिळायचे होते. टाटा कराचीहून निघाले आणि इंग्लंडहून इकडे येण्यास निघाला अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीर येथे पडली. अस्पी तेथे इंजिनाच्या स्पार्क प्लगांसाठी अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अस्पी वेळेत पोहोचला व बक्षीस त्याने मिळवले. हाच मुलगा पुढे १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता. सतराव्या वर्षी कोणी विमान चालवू म्हणाले तर हसण्याचे कारण नाही, हे त्यावरून दिसते. शर्यत मोडली तरी चालेल पण दुसरा सुखरूप पोहोचावा, हा या विद्येतील जुना संस्कारही त्यावरून कळतो.

दुसरे उदाहरण सरला ठकराल यांचे. १९३६ साली लाहोरला, वयाच्या एकविसाव्या वर्षी, साडी नेसून त्यांनी जिप्सी मॉथ विमान एकटीने चालवले. त्या वेळी त्या चार वर्षांच्या मुलीच्या आई होत्या. पतीचा आणि सासऱ्यांचा त्यांना भक्कम पाठिंबा होता. पण कथा तेथे संपत नाही. १९३९ साली त्यांचे वैमानिक पती अपघातात गेले. व्यावसायिक परवाना घ्यावा म्हणून बाई पुन्हा शिकू लागल्या, तोच महायुद्ध सुरू होऊन नागरी शिक्षण बंद पडले. तेव्हा त्या चित्रकलेकडे वळल्या आणि पुढे दिल्लीत चित्रकार व व्यावसायिक म्हणून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. ज्या पालकांना 'वैमानिक नाही झाला तर पुढे काय?' ही चिंता आहे, त्यांनी हे चरित्र अवश्य लक्षात ठेवावे.

मराठी माणसांपुरते पाहिले तरी हवाई दलाच्या प्रमुखपदी मूळगावकर, टिपणीस, नाईक आणि चौधरी अशी चार मराठी नावे आढळतात. नागरी विमान वाहतुकीत कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचे नाव मोठे आहे. १९८५ साली कलकत्त्याहून सिलचरला गेलेल्या विमानाच्या त्या कप्तान होत्या; त्या विमानातील सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या आणि आपल्या देशात असे प्रथमच घडले.

शिक्षणाच्या पायऱ्या

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळू. आपल्या देशात या विषयाची सर्व सूत्रे केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहेत. लोक त्याला डीजीसीए म्हणतात. त्याने ठरवलेल्या पायऱ्या तीन.

पहिली पायरी विद्यार्थी-वैमानिकाच्या परवान्याची. वय सोळा पूर्ण, दहावी उत्तीर्ण आणि दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी पास, एवढे असले की उड्डाण-संस्थेत नाव घालून, तिची परीक्षा देऊन हा परवाना मिळवता येतो. या परवान्यावर मूल शिक्षकाच्या देखरेखीखालीच उडते. त्याला कोणी उतारू बरोबर घेता येत नाही.

दुसरी पायरी खासगी परवान्याची. वय सतरा पूर्ण लागते आणि निदान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी २० तास एकट्याने केलेले असावे लागतात. हा परवाना हौसेसाठी आहे. त्यावर पगार घेऊन विमान चालवता येत नाही.

तिसरी पायरी व्यावसायिक परवान्याची. नोकरी हवी असेल तर हाच परवाना लागतो. वय अठरा, पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी आणि एकंदर २०० तासांचे उड्डाण, त्यांत १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेले. त्याखेरीज हवाई नियम, दिशाज्ञान, हवामानशास्त्र, विमानाची यंत्ररचना आणि रेडिओवरील संभाषण अशा विषयांच्या परीक्षा. या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे, असा नियम अनेक वर्षे चालत आला. ती अट सैल करण्याचा विचार २०२५ साली सुरू झाला. तेव्हा अर्जाच्या वेळचा चालू नियम महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहून घ्यावा. कसेही असले तरी मुलाने हे दोन विषय सोडू नयेत, कारण दिशाज्ञान आणि हवामान ही दोन्ही शास्त्रे त्यांच्याच पायावर उभी आहेत. इंग्रजीचीही तयारी हवी. आकाशातून खालच्या नियंत्रकाशी बोलायचे ते मोजक्या, ठरलेल्या इंग्रजी शब्दांत, आणि ऐकलेले शब्द तसेच्या तसे परत म्हणून दाखवायचे. मराठी वा गुजराती माध्यमाच्या मुलाने यामुळे घाबरून जाऊ नये. दोन वर्षे रोज थोडा सराव केला तर हे जमते.

या पायऱ्यांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. मूल दहावीत असताना कोणालाही लाखो रुपये भरण्याची घाई नाही. दहावी ते बारावी ही दोन वर्षे त्याची आवड खरी की तात्पुरती हे पाहण्यासाठी आयतीच मिळालेली आहेत.

आधी तपासणी, मग पैसा

या लेखातील एकच सूचना पाळायची झाली तर ती ही पाळावी. कोणत्याही संस्थेस मोठी रक्कम भरण्यापूर्वी मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. दुसऱ्या वर्गाची तपासणी महासंचालनालयाने नेमलेले डॉक्टर करतात. ती झाली म्हणजे पहिल्या वर्गाची तपासणी हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रात किंवा इतर मान्यताप्राप्त केंद्रात करता येते. एकंदर शिक्षणाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

चष्मा असला म्हणजे दार बंद झाले, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. चष्म्याने दृष्टी ठरावीक मापापर्यंत सुधारत असेल तर नागरी परवान्यास अडचण येत नाही. रंगांधळेपणाची गोष्ट मात्र निराळी. लाल आणि हिरवा यांतील भेद ज्याला नीट कळत नाही, अशा मुलाला स्वतःला व आईबापांना त्याची कल्पनाही नसते, कारण रोजच्या व्यवहारात फारसे अडत नाही. विमानाच्या दोन पंखांवर लाल व हिरवे दिवे असतात, धावपट्टीच्या कडेचे दिवेही रंगांनीच बोलतात. म्हणून ही तपासणी कसोशीने होते. साध्या नेत्रतज्ज्ञाकडे रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकावर ती काही मिनिटांत होते. निदान एवढी तरी चाचणी सुरतेतच, दहावीच्या सुट्टीत करून टाकावी. अठराव्या वर्षी पैसे भरल्यावर नकार कळण्यापेक्षा सोळाव्या वर्षी कळलेला बरा. तेव्हा मुलापुढे बाकीच्या सगळ्या वाटा मोकळ्या असतात.

खर्चाचा विचार

व्यावसायिक परवान्याचे शिक्षण आज ५० लाख रुपयांच्या आसपास जाते. कित्येक ठिकाणी त्याहून पुष्कळ अधिक. इतका पैसा लागतो कोठे? विमानाचे इंधन, देखभाल, विमा, शिक्षकाचे वेतन हे सारे प्रत्येक तासावर चढते आणि असे २०० तास भरायचे असतात. परवाना मिळाल्यावर मोठ्या जातीच्या एखाद्या ठरावीक विमानाचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. त्याचाही खर्च लाखांत आहे. विमान कंपन्यांचे स्वतःचे कॅडेट कार्यक्रम आहेत. त्यांत नोकरीचा मार्ग थोडा स्पष्ट असतो, पण शुल्क आणखी मोठे.

आपल्या समाजातील बहुतेक घरे लूमच्या कारखान्यात, कापडबाजारात, हिऱ्याच्या कामात किंवा लहानशा नोकरीत राबून उभी राहिलेली आहेत. त्यांनी आकडा कागदावर मांडून पाहावा. ५० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी काढले, तर दरमहा सुमारे ६६ हजारांचा हप्ता पडतो. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जास बँका बहुधा घर वा जमीन तारण मागतात. आणि नोकरी परवान्याबरोबर हातात पडत नाही. किंगफिशर कंपनी २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये. मधल्या २०२० साली साथीने सगळीच विमाने जमिनीवर बसवली. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नव्या परवानाधारकांची रांग लांबली. तेजी असते तेव्हा कंपन्या माणसे शोधीत फिरतात हेही खरे; पण आपल्या मुलाच्या वाट्याला तेजी येईल की मंदी, हे कोणी सांगू शकत नाही.

२०२१ साली सुरत जिल्ह्यातील मैत्री पटेल या एकोणीस वर्षांच्या शेतकरीकन्येने अमेरिकेत जाऊन व्यावसायिक परवाना मिळवला. तिच्या वडिलांनी त्यासाठी वडिलोपार्जित जमीन विकल्याचे वर्तमानपत्रांतून आले होते. त्या बापाच्या धैर्याला नमस्कारच केला पाहिजे. परंतु एकाने जमीन विकली म्हणून सर्वांनी विकावी, असा त्याचा अर्थ होत नाही. ज्याच्याजवळ विकायला एकच घर आहे आणि त्या घरात म्हातारे आईवडील व धाकटी भावंडे आहेत, त्याने आपली मर्यादा आधी ठरवावी. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण विमानविद्येलाही लागू आहे. परदेशी शिकण्याचा विचार असेल तर तेथील परवाना इथे चालत नाही, हेही माहीत असावे. इकडच्या परीक्षा व चाचण्या देऊन तो भारतीय परवान्यात बदलून घ्यावा लागतो, आणि त्यास वेळ व पैसा दोन्ही लागतात.

कमी खर्चाच्या वाटाही आहेत. रायबरेलीजवळ फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तेथे प्रवेश-परीक्षेने जागा मिळते. अनुसूचित जाती व मागास वर्गांतील मुलांना गुजरात सरकारकडून या शिक्षणासाठी सवलतीचे कर्ज मिळू शकते. त्याची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कचेरीत करावी. आणि खर्चच नको असेल तर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा राजमार्ग आहे. वर्षातून दोनदा परीक्षा होते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागते, आणि खडकवासल्याचे सारे शिक्षण सरकारी खर्चाने होते. २०२२ पासून मुलींनाही तेथे प्रवेश आहे. त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. मात्र तेथे जायचे ते सैनिक होण्यासाठी. फुकट विमान शिकायला मिळते एवढ्याच हिशोबाने मुलास तेथे धाडू नये. हवाई दलाची वैमानिक-निवडीची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून तयारीवाचून जाऊ नये. शाळा-कॉलेजात एन.सी.सी.चा हवाई विभाग असेल तर मुलाने अवश्य नाव घालावे. तेथील छात्रांना छोट्या मायक्रोलाइट विमानातून उडण्याची संधी मिळते.

संस्था कशी पाहावी

आपल्यापैकी पुष्कळांची गावे खानदेशात आहेत. धुळ्याच्या विमानतळावर मुंबईच्या १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे शिक्षण चालते आणि ताप्ती लाइनवरील जळगावासही उड्डाण-संस्था आहे. गोंदियाजवळ बिरसी येथे आणि बारामतीसही संस्था आहेत. गुजरातेत बडोदा व मेहसाणा ही ठिकाणे आहेत. गावी जाता-येता मुलास घेऊन यांपैकी एखाद्या ठिकाणी आधी परवानगी काढून जावे आणि अर्धा दिवस नुसते पाहावे.

पाहायचे काय? जाहिरातीतील चित्रे पाहू नयेत. आज उडण्याजोगी विमाने किती, शिक्षक किती आणि विद्यार्थी किती, हे विचारावे. गेल्या महिन्यात एकेका विद्यार्थ्याला किती तास मिळाले, हे तेथे शिकणाऱ्या मुलांनाच बाजूला घेऊन विचारावे. 'बारा महिन्यांत परवाना' असे सांगितले जाते, पण पावसाळ्यात ढग, धुके आणि वारा यांमुळे दिवसच्या दिवस फुकट जातात. विमाने थोडी आणि मुले पुष्कळ असली की वर्षाची दोन वर्षे होतात, आणि तितका काळ राहण्या-जेवणाचा खर्च चालूच राहतो. महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत नाव आहे की नाही ते पाहावे. २०२५ पासून महासंचालनालय अशा संस्थांचा दर्जाही ठरवून जाहीर करू लागले आहे, तोही पाहावा. सर्व शुल्क एकरकमी भरू नये; हप्ते, पावती आणि मध्येच सोडल्यास परताव्याचा करार लेखी घ्यावा. प्रत्येक वैमानिकाची एक नोंदवही असते, तिला लॉगबुक म्हणतात. दर महिन्यास मुलाबरोबर बसून भरलेले पैसे आणि उडालेले तास यांचा मेळ घालावा. यात अविश्वास नाही. दुकानाची वही लिहितो तशीच ही एक वही.

भीतीचा प्रश्न

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान कोसळले आणि त्यातील २४२ माणसांपैकी २४१ गेली. जमिनीवरही जीव गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमरेलीस शिकाऊ विमान कोसळून एका शिकणाऱ्या तरुणाचा अंत झाला. अशा बातम्या ऐकलेल्या आईने मुलाला नको म्हटले तर तिला अडाणी म्हणू नये. या विद्येत धोका नाही, असे जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. धोका आहे, आणि सारे शिक्षण तो कमी करण्यासाठीच असते.

ते कसे, हे आईला समजावून सांगावे. शिकवणीच्या विमानास चालवण्याची साधने दुहेरी असतात. शिक्षक शेजारीच बसतो आणि क्षणात ताबा घेऊ शकतो. उडण्यापूर्वी विमानाभोवती फिरून पंख, चाके, तेल, इंधन सारे यादीप्रमाणे तपासावे लागते. यादी तोंडपाठ असली तरी कागदावरून वाचावी लागते. इंजिन बंद पडले म्हणजे विमान दगडासारखे पडते, ही समजूत चुकीची आहे. सेस्नासारखे छोटे विमान इंजिनावाचून दर हजार फूट उंचीमागे अडीच किलोमीटरच्या आसपास तरंगत जाऊ शकते, आणि तेवढ्यात उतरायची जागा कशी निवडावी हे पहिल्या महिन्यांतच शिकवले जाते. धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारून उतरायचे, पुन्हा चढायचे, पुन्हा उतरायचे, असे कित्येक दिवस चालते. शिक्षकाची खात्री पटली म्हणजे एके दिवशी तो विमानातून खाली उतरतो व मुलाला एकच फेरी एकट्याने मारायला सांगतो. तो दिवस अमुकच तारखेस यावा असा आग्रह घरच्यांनी कधीही धरू नये.

घरच्यांचे खरे काम

आता मुख्य मुद्दा. विमान चालवणाऱ्यास जे शब्द वेळेवर म्हणता आले पाहिजेत, ते आहेत : "आज नको." आकाशात ढग दाटले, रात्री झोप झाली नाही, सर्दीने कान बंद झाले, इंजिनाचा आवाज नेहमीसारखा वाटला नाही, की त्याने विमान जागेवर ठेवून परत यावयाचे असते. हे म्हणण्याची ताकद शिक्षकाकडून मिळतेच, पण त्याहून अधिक ती घरातून मिळते.

ज्या घरात रोज संध्याकाळी फोनवरून विचारले जाते की, "आज किती तास झाले? अजून किती राहिले? काकांचे पैसे केव्हा फिटणार?" त्या घरातील मुलाला 'आज नको' म्हणणे जड जाते. हप्त्याचे ओझे त्याच्या मांडीवर बसूनच विमानात चढते. शेजारच्या अमक्याचा मुलगा सहा महिन्यांत पुढे गेला, असे टोमणे मारले तर तो घाई करतो, आणि घाई ही या धंद्यातील सर्वांत वाईट सवय. म्हणून पालकांनी विचारावे ते असे : आज काय शिकलास? आज का उडाला नाहीस? आणि 'हवा बरी नव्हती' असे उत्तर आले तर, "शाबास, बरे केलेस," असे म्हणावे. ताप असता औषध घेऊन वर जाणे, आजार तपासणीत लपवणे, तास वाढवून लिहिणे, या गोष्टींना घरातून कधीही मूक संमती मिळू नये.

पैशाची मर्यादा आधी ठरवावी असे वर सांगितले, त्याचेही कारण हेच. जे कुटुंब सर्वस्व पणाला लावते, ते मुलाचा परत फिरण्याचा रस्ता बंद करते. काही मुलांना चाळीस तासांनंतर कळते की, आपल्याला हे आवडत नाही किंवा मानवत नाही. असे मूल घरी परत आले तर त्याला मानाने घरात घ्यावे. म्हणून पदवीचा अभ्यास जमेल तसा चालू ठेवावा. विमानांशी संबंधित इतर कामेही उत्तम आहेत : विमानांची देखभाल करणारे अभियंते, विमानतळावरील हवाई वाहतूक नियंत्रक, हवामानतज्ज्ञ. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे अठरा वर्षांच्या, दहावी झालेल्या मुलास ड्रोन चालवण्याचे प्रमाणपत्र मिळवता येते आणि त्याचा खर्च विमानाच्या मानाने अगदी थोडा आहे.

मुलगी असेल तर आणखी एक प्रश्न नातेवाईक काढतात : लग्नाचे कसे? घरापासून दूर, वेळी-अवेळी काम, हे सासरी चालेल काय? या प्रश्नाचे उत्तर आईबापांनी मुलीच्या वतीने नातेवाइकांना द्यावे. ते देण्याचे काम मुलीवर टाकू नये. पैशाच्या बाबतीत भावाला जी मर्यादा, तीच तिलाही लावावी.

सभासदांस विनंती

आपल्यासारख्या ट्रस्टांच्या शिष्यवृत्त्या बहुधा वह्या, पुस्तके आणि कॉलेजच्या फीसाठी असतात, आणि त्या तशाच असाव्यात. पन्नास लाखांचा भार कोणत्याही लहान ट्रस्टला पेलणार नाही, आणि एका मुलासाठी तो पेलणे इतरांवर अन्यायाचे होईल. पण पहिल्या पायरीपुरते साहाय्य करणे आपल्या शक्तीत आहे. एखाद्या होतकरू मुलाची वैद्यकीय तपासणी, परीक्षेची फी, अभ्यासाची चार पुस्तके, आणि धुळ्यास किंवा बडोद्यास जाऊन येण्याचे भाडे, इतके झाले तरी त्या घरास अंधारात उडी घ्यावी लागणार नाही. समाजात जे कोणी हवाई दलात, विमानतळावर वा विमान कंपनीत काम करतात, त्यांनी वर्षातून एखादा रविवार अशा मुलांना व त्यांच्या आईबापांना द्यावा. पैशापेक्षा माहितीचा दुष्काळ मोठा आहे, आणि तो आपण आपसांत मिटवू शकतो.

तेव्हा पालकहो, मुलाने इच्छा सांगितली तर त्याला हसू नका आणि त्याच दिवशी बँकेतही जाऊ नका. आधी त्याचे डोळे तपासून घ्या, गणिताची वही पाहा, एखाद्या धावपट्टीच्या कडेला त्याच्याबरोबर अर्धा दिवस उभे राहा. त्यानंतरही त्याची ओढ टिकली तर आपल्या ऐपतीचा आकडा त्याला मोकळेपणी सांगा. सोळा वर्षांच्या मुलाला घरची परिस्थिती कळते. ती लपवली तरच तो चुकीचे मागतो. आपल्या समाजातील जी मुले-मुली पुढे आकाशात जातील, त्यांना आमच्या शुभेच्छा आहेत. आणि जी अर्ध्या वाटेवरून परत येऊन दुसरे काम निवडतील, त्यांनाही तितक्याच आहेत.